सांडवा कुणाच्या बाजूला

आबा, शब्द देऊन तुम्ही मोकळे झाले आणि तो सांभाळत बसले मी. दिला तर दिला, पण नीट तरी द्यायचा होता. कोणाला दिला, त्या माणसाला की त्याच्या वावराला, तो माणूस गेल्यावर त्याच्या पोराला लागू की नाही, आणि वावरच वावर राहिलं नाही तर काय, यातलं काही एक बोलले नाहीत. "जास्तीनं पानी तुनं," जास्तीचं पाणी तुझं, एवढं म्हणाले, बशीतला उरलेला चहा पिऊन टाकला, टोपी डोक्यावर ठेवली आणि बैल सोडायला गेले. ते ऐकणारे स्वयंपाकघरात आम्ही तिघं होतो. त्यातली आई गेली, शेजारचे नाना गेले. राहिले मी. म्हणून गावात ज्याला त्याला मला विचारायचं असतं की आबांचा शब्द काय होता. मी काय तुमची कोर्टातली साक्षीदार आहे का? माझा नवरा परवा चेष्टेने म्हणाला, "तुला काय करायचं ते कर, पण आधी आबांना विचारून घे." तर विचारते आहे. चौथीपर्यंत शिकले ती पुस्तकातली भाषा, म्हणून हे असं पुस्तकी उतरतं. समोर असते तर आपल्या बोलीत बोलले असते आणि एवढा वेळ लागला नसता.

क्रमाने लिहू द्या, नाहीतर माझंच डोकं फिरतं. आपलं वावर वर, डोंगराच्या पायथ्याला. हलकं, मुरमाड, खणलं की वीतभरावर दगड. त्याच्या खाली उताराला नानांचं वावर, काळं, चांगलं. मधे आपला मोठा बांध. डोंगरावरून आलेलं पाणी त्या बांधाला अडतं, जिरतं, माती खाली बसते, आणि बांध भरला की जास्तीचं पाणी निघून जायला जी दगडी वाट ठेवतात तो सांडवा. हे मी तुम्हाला सांगते आहे म्हणजे हद्दच झाली, पण गेले महिनाभर एकेकाला सांगून सांगून तोंडाला तीच सवय लागली आहे.

मी लहान होते तेव्हा हा सांडवा नाल्याकडे होता. मग ते एक साल आलं, पावसाने हात राखला, विहिरीने होळीच्या आधीच तळ दाखवला आणि आई खालच्या आळीतून डोक्यावर पाणी आणायला लागली. तेव्हा तुमच्या मनाने घेतलं की पुढच्या पावसात एक थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही. तुम्ही सांडवाच बुजवला. दगड, माती, वर काट्या. आई म्हणाली, पाण्याला वाट ठेवा हो. तुम्ही म्हणाले, "वाट ठेवतस म्हनीसन ते जास." मला ते इतकं पटलं होतं. घरातल्या कोंबड्यांचंही मला तसंच वाटायचं, दार उघडं ठेवतात म्हणून त्या बाहेर जातात.

श्रावणात डोंगरावर ढग बसला तो उठेचना. तुम्ही आणि मी पोत्याची खोळ पांघरून बांधावर उभे आहोत. पाणी बांधाच्या डोक्याला टेकलं आहे आणि तुम्ही खुश आहात, मला सांगता आहात की बघ, समुद्र असा असतो. समुद्र तुम्हीही पाहिला नव्हता. मग पायाखाली माती गुरगुरल्यासारखी झाली. तुम्ही माझ्या दंडाला धरून ओढलं, ते इतक्या जोरात की दंड आठवडाभर निळा राहिला, आणि आपण उभे होतो तीच जागा पोटातून फुटली. आवाज फार नव्हता. गाडीभर ज्वारी ओतावी तसा. पाणी उतरल्यावर पाहिलं तर वरच्या वावराचं कातडं निघाल्यासारखं झालं होतं, मुरूम उघडा पडला होता, आणि आपली सगळी माती खाली नानांच्या कापसावर जाऊन बसली होती. कापसाचे नुसते शेंडे दिसत होते. नाना तिकडून चालत आले. मी तुमच्या मागे लपले, कारण आता हे शिव्या देणार आणि तुम्हाला त्या ऐकाव्या लागणार. नानांनी चिखलाकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "आबा, बैल बरा शेतस ना?" एवढंच. बैल गोठ्यात होते, त्यांना काय धाड भरली होती. पण तुम्ही खाली बसले आणि रडायला लागले. तुम्हाला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

पुढचं गाव सांगतं ते निराळं आणि मी पाहिलं ते निराळं. उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या तोंडावर, नाना बैलगाडी भरून आपल्या वरच्या वावरात आले आणि गाडी मोकळी केली. माती. तुम्ही धावत गेले, मी मागून. "नाना, हाई काय?" नाना घाम पुसत म्हणाले, "तुमनी माती शे. मनाकडे पाव्हनी उनी व्हती, परत धाडी राह्यनू. आखाजीले आंडेर माहेरले येस, तशी हाई बी उनी." पाहुणी आली होती ती परत धाडतोय, आखाजीला लेक माहेरी येते तशी आली म्हणे. तुम्हाला हसू येईना आणि रडूही येईना. मग नाना रोज येत राहिले, सकाळी ऊन चढायच्या आत. दोन दिवसांनी तुम्ही आपली गाडी जोडली आणि त्यांच्या मागे जायला लागले. लोक आजही म्हणतात, नानांच्या काळ्या वावराला ती भुरकट माती नकोच होती, म्हणून वाहिली. असेल. पण नको असलेली माती माणूस नाल्यात लोटतो, बैलांना चढ चढायला लावून मालकाच्या दारी नेत नाही. मी हे पिठाच्या गिरणीत एका बाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुले भलतंच आठवस." आठवतं. मला सगळं आठवतं, म्हणून तर त्रास आहे.

शेवटची गाडी झाली त्या दिवशी नाना पहिल्यांदा आपल्या स्वयंपाकघरात आले. आईने गुळाचा चहा केला. तुम्ही दोघं चुलीसमोर पाटावर बसलेले, पायाची माती वाळून जमिनीवर पडते आहे, आई ती झाडत नाही. तेव्हा तुम्ही म्हणाले की सांडवा आता नाल्याकडे नको, नानांकडे काढू, जास्तीनं पानी तुनं. नाना म्हणाले, "राहू द्या हो आबा." तुम्ही उठून गेले. झालं. हाच तो शब्द. मी त्या वेळी चहाच्या गाळणीतला चोथा खात होते, नाहीतर विचारलं असतं की किती दिवस.

आणि मग बांध पुन्हा घातला, आधीचा घातला होता तसा डोळ्याने नाही, गवंड्याकडून पारदर्शक नळी आणून. नळीत पाणी, पाण्यात आईच्या करंड्यातलं कुंकू, म्हणजे पातळी लाल दिसते. एक टोक तुमच्या हातात, एक माझ्या. तुम्ही तिकडून ओरडायचे, कुठं आलं? मी एकदा नळीकडे न बघता म्हणाले, थोडं वर घ्या. तुम्ही तिथूनच खडा मारला. लागला नाही, पण मारला. "तू नको सांगू, पानीले सांगू दे." त्या पावसापासून तुमची आणखी एक खोड सुरू झाली. मोठा पाऊस झाला की सरबताच्या रिकाम्या बाटलीत सांडव्याचं पाणी भरून आणायचं आणि देवाच्या कोनाड्यात ठेवायचं. आई कुरकुर करायची, देवापुढे गढूळ पाणी कोणी ठेवतं का. सकाळी बाटली उजेडात धरून तुम्ही बघायचे, तळाला माती किती बसली. जाड थर असला तर न जेवता बांधावर जायचे, कुठं खाचलंय ते शोधायला. थर नसला तर बाटली माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, झाडाला घाल. तुमच्या हयातीत शेवटी शेवटी त्या बाटल्या नितळ निघत होत्या. वावरात वीतभर माती कमरेइतकी झाली नाही, पण ज्वारीची ताटं माझ्या डोक्यावर गेली. खाली नानांनी आपले छोटे बांध घातले होते, आपलं सांडव्याचं पाणी एकातून दुसऱ्यात उतरत जायचं आणि त्यांची विहीर चैत्रातही भरलेली असायची. तेव्हा मी तुमच्यावर चिडलेली नव्हते. हेही लिहून ठेवते.

आता ऐका आजचं. नाना गेले. त्यांचा पोरगा, तुम्ही ज्याला खांद्यावर घेऊन बैलपोळ्याला नेलं होतं तो, सोनगीरला दुकानात बसतो, बोलतोही दुकानातलंच. त्याने ट्रॅक्टरला वळायला जागा होत नाही म्हणून नानांचे सगळे बांध सपाट केले. सपाट म्हणजे पाटासारखं. आपल्या सांडव्यातून पडलेलं पाणी आता त्याच्या वावरात कुठंच थांबत नाही. त्या पाण्याने मधोमध घळ पाडली आहे, मी उतरले तर माझं डोकं दिसणार नाही. पाणी आपलं, माती त्याची, दोन्ही हायवेखालच्या मोरीतून पलीकडे. नानांची विहीर आपल्या विहिरीच्याही आधी आटते. आटलेल्या विहिरीवर अक्काने दोर अजून गुंडाळून ठेवला आहे, आणि अक्का, नानांची बायको, सत्तरी ओलांडलेली बाई, म्हशीला पाणी नळाच्या दिवशी भरून ठेवते.

गेल्या पावसात मी दोन बाटल्या भरल्या. एक आपल्या सांडव्यावर, एक मोरीवर. रात्रभर निवळू दिल्या आणि सकाळी त्याच्या दुकानात त्याच्या गल्ल्यावर नेऊन ठेवल्या. म्हटलं, "भाऊ, ही तुझ्या वावरात शिरतानाची, ही निघतानाची. मधे फक्त तुझं वावर आहे." एक नितळ, दुसरीच्या तळाला चार बोटं काळी माती. त्याने दोन्ही फिरवून पाहिल्या आणि म्हणाला, "ताई, मला वाटलं तू सरबत आणलंस." दुकानातलं गिऱ्हाईक हसलं. मी नाही हसले. मग तो जरा नीट बोलला. "मातीचं काय घेऊन बसलीस. हायवे दारात आलाय. दोन-तीन वर्षांत तिथं प्लॉट पडतील. प्लॉटला वरून मुरूम टाकावा लागतो, माती असली काय नसली काय."

"मग पाणी कशाला पाहिजे तुला? मी सांडवा दुसरीकडे काढते."

"तेवढं नको. आबांचा शब्द आहे. सांडवा आहे तिथंच राहू दे, गिऱ्हाइकाला सांगता येतं."

"काय सांगता येतं?"

"की पाण्याची वाट आहे."

मोरीतून जाणाऱ्या पाण्याची वाट. मी बाटल्या उचलल्या, नितळ बाटली त्याच्या दारातल्या तुळशीला ओतली आणि काळी घरी आणली. ती कोनाड्यात आहे. देव काही बोललेले नाहीत.

तिथून मी अक्काकडे गेले. ती गोठ्यात शेण काढत होती. मी सगळं सांगितलं, अगदी बाटल्यांसकट. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माय, बांध तुना शे, पानी तुनं शे. माले कसाले इचारस?" म्हटलं, शब्द तुझ्या मालकाला दिलेला होता. ती हसली, दात नाहीत, पण हसली छान. "तुना बाप गया, मना मालक गया. आते त्या दोन्ही तठे बठीसन काय ठराई राह्यनात, कोनले माहीत?" तिकडे बसून ते दोघं काय ठरवतायत कोणाला ठाऊक, असं म्हणते. मग पाटी उचलून उकिरड्याकडे गेली आणि जाता जाता म्हणाली, "पन मनी म्हैसले पानी पाहिजे बरं." झालं तिचं. मला वाटतं एवढं स्पष्ट गेल्या महिनाभरात कोणीच बोललं नाही.

पण गावाचं तसं नाही. सांडवा हलवायला मी माती खणायचं मशीन बोलावलं हे कळल्यावर पिठाच्या गिरणीत, पारावर, सगळीकडे एकच सुरू झालं. आंडोर राहता ते बापना शब्द राखता. मुलगा असता तर शब्द पाळला असता, लेकीला काय त्याचं. आबा, तुमचं वावर तुमच्या मुलाने नाही केलं, कारण तुम्हाला मुलगा नव्हता. लेकीने केलं. लग्न करून गेले होते, आई अंथरुणाला खिळली तेव्हा नवऱ्याला घेऊन परत आले, त्यानेही कधी तोंड वाकडं केलं नाही. दर उन्हाळ्यात बांधाचे उंदरांनी पोखरलेले भोसके मी बुजवले. बांधावर घाणेरी उपटून गवत मी लावलं. उताराला आडवी पेरणी मी करून घेतली, पाभरवाला कुरकुरतो की सरळ तास लवकर होतात, त्याला मी भाकरीसकट परत पाठवला आहे. तुमच्या शब्दाचं पाणी मी इतकी वर्षं त्या घळीत सोडत आले, आपली विहीर तळाला गेली तरी सोडत आले. मुलगा असता तर त्याने यातलं काय वेगळं केलं असतं ते मला कोणीतरी सांगावं. बहुतेक ट्रॅक्टर वळवला असता.

तर आता माझं काय चाललं आहे ते सांगते, म्हणजे तुम्हाला उत्तर द्यायला सोपं जाईल. नानांच्या वावरात पडणारा सांडवा मी बंद करणार. नुसता बुजवणार नाही, तुमची चूक मला पाठ आहे. बांधाच्या मधोमध जिथं खडक उघडा आहे तिथं नवा सांडवा काढणार, पाणी खडकावर पडेल, माती नेणार नाही. तिथून ते आपल्या हद्दीच्या आत, पण नानांच्या विहिरीच्या अंगाला, एका मोठ्या खड्ड्यात उतरवणार. त्या खड्ड्यापासून नानांची विहीर हाकेवर आहे आणि आपली त्याच्या दुप्पट लांब. मुरूम फुटका आहे, पाणी आधी कोणाच्या विहिरीत जाईल ते मला कळतं, तुम्हालाही कळेल. म्हणजे पाणी नानांकडेच जातं. फक्त नानांच्या पोराच्या वावरावरून जात नाही. याला शब्द मोडणं म्हणतात का? तुम्ही पाणी दिलं होतं की वाट दिली होती? मला हेच पाहिजे, दुसरं काही नको.

खुणा करून झाल्या आहेत. तुमची नळी मी अजून ठेवली आहे, पिवळी पडून कडक झाली आहे, पाणी दिसेना, म्हणून कुंकू जरा जास्त घातलं. दुसरं टोक नवऱ्याच्या हातात दिलं. तो नळीकडे न बघता म्हणाला, थोडं वर घे. मी खडा मारला नाही, पण हातात घेतला होता.

पोस्टाच्या पेटीत टाकायला तुमचा पत्ता नाही, तेव्हा हे कागद त्या नळीच्या वेटोळ्यात खोचून खुंटीला लावते. पण आखाजी जवळ आली आहे, आणि आखाजीला तुम्हाला यावंच लागतं, त्याला पत्ता लागत नाही. मशीनवाल्याला मी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगितलं आहे. दर वर्षी आगारी, पितरांचा निखाऱ्यावरचा घास, माझा नवरा टाकतो, बाईने टाकू नये म्हणतात म्हणून. यंदा मी टाकणार. तुमच्या नावाची घागर भरेन, वर खरबूज ठेवेन, सांजोऱ्या करेन, रस, पुरणाची पोळी. चुलीतले निखारे ओढून त्यावर घास ठेवेन आणि तुम्हाला हाक मारेन. नानांनाही मारेन, त्यांच्या पोराने मारो न मारो. दोघं बरोबरच या, म्हणजे तिकडे बसून काय ते ठरवून याल. आगारी भडकून पेटली तर तुमचं हो, धुमसत राहिली तर नाही, आणि नाही असेल तर मशीन परत पाठवेन, पण मग पुढच्या पावसात त्या घळीत उतरून पाणी तुम्हीच अडवा.

एक आधीच सांगून ठेवते. तूप मी हात सैल सोडून घालणार आहे. एवढ्या तुपावरही तुम्हाला धूरच करायचा असेल तर करा, पण आखाजीच्या दुपारी, पानं वाढायच्या आत, मला उत्तर पाहिजे.